मूठभर संसार

भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाणाऱ्या बहुतेकांना पेंग्विन पाहायचे असतात, वाघ पाहायचा असतो. बागेच्या दाराशीच एक जुने, देखणे संग्रहालय उभे आहे याची दखल येताना कुणी घेत नाही, आणि जाताना पाय दुखत असतात. आमच्या इतिहास विभागाची सहल मुंबईला गेली तेव्हा बाईंनी म्हणूनच क्रम ठरवून दिला : आधी संग्रहालय, मग पेंग्विन. वर्गाने तोंडे वाकडी केली. मीही केली. पण दुपारी सगळा वर्ग पेंग्विनकडे गेला तेव्हा मी बाईंची परवानगी काढून संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावरच थांबले. का थांबले, ते सांगण्यासाठी हा लेख.

हे संग्रहालय म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ साली ते लोकांसाठी खुले झाले तेव्हा त्याचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम असे होते. ते उभे राहावे म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी हे अग्रभागी होते. भाऊ दाजी गोव्यातून मुंबईस आलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले, कुष्ठरोगावर औषध शोधण्यासाठी धडपडले, आणि उरलेल्या वेळात प्राचीन शिलालेख वाचत बसले. १९७५ साली संग्रहालयाला त्यांचे नाव मिळाले. मधल्या काळात इमारतीला अवकळा आली होती. दीर्घ दुरुस्तीनंतर २००८ मध्ये ती पुन्हा उघडली, आणि आज आत पाऊल टाकताच हिरवट रंगाचे, सोनेरी नक्षीचे खांब पाहून डोळे दिपतात.

परंतु मला थांबवले ते खांबांनी नव्हे. वरच्या मजल्यावरच्या इवल्याशा माणसांनी. काचेच्या कपाटांतून मातीची माणसे उभी आहेत, बसली आहेत, आपापल्या धंद्याच्या कामात गढली आहेत. प्रत्येकाचा पेहराव वेगळा, पगडीची ठेवण वेगळी. शेजारी जहाजांच्या प्रतिकृती आहेत. पारशी समाजाच्या दखम्याचीही एक प्रतिकृती आहे. दखम्यात बाहेरच्या माणसाला प्रवेश नसतो. त्याची रचना आतून कशी असते हे आपल्यासारख्यांना कळायचे तर ते अशा लहान नमुन्यातूनच. लहान प्रतिकृतीचा पहिला उपयोग हा असा आहे. ती भिंत काढून घेते. जिथे आपण जाऊ शकत नाही, किंवा जे एका नजरेत मावत नाही, ते ती टेबलावर आणून ठेवते.

यातले बरेचसे मातीकाम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहे. त्या काळी मुंबईला येणाऱ्या परक्या माणसाला या शहरात कोण कोण राहतात, काय नेसतात, कशावर पोट भरतात, हे तासाभरात दाखवणे हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच, पण पाहता पाहता मला एक गोष्ट खटकू लागली. या प्रत्येक माणसाला धंदा आहे, पेहराव आहे, जात आहे. नाव मात्र नाही. असायचे कारणही नाही, कारण तो कुणी एक माणूस नाहीच. तो 'नमुना' आहे. भारतात देशव्यापी अशी पहिली खानेसुमारी धरली जाते ती १८७२ चीच, म्हणजे ज्या वर्षी या संग्रहालयाचे दार उघडले त्याच वर्षाची. राज्यकर्ते तेव्हा माणसे मोजत होते, त्यांचे वर्ग पाडत होते. मातीची माणसे त्याच दृष्टीची लेकरे म्हटली पाहिजेत.

बाईंना मी हे बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. पण लहान करून कोण ठेवतं आणि कशासाठी ठेवतं, हे प्रत्येक वेळी वेगळं असतं. परत गेल्यावर शोध." तो शोध मी परत आल्यावर ग्रंथालयात घेतला. त्यात जे सापडले ते थोडक्यात असे.

इजिप्तमध्ये मेकेत्रे नावाचा एक बडा अधिकारी सुमारे चार हजार वर्षांपूर्वी मरण पावला. त्याच्या थडग्यातल्या एका लहानशा कोठडीत १९२० साली अमेरिकन उत्खननकर्त्यांना लाकडाचे चोवीस नमुने जवळजवळ जसेच्या तसे मिळाले : धान्याचे कोठार, भटारखाना, विणकरांचा माग, सुतारांचे दुकान, होड्या, बाग असलेले घर. आज ते कैरो आणि न्यूयॉर्क इथल्या संग्रहालयांत विभागलेले आहेत. मेल्यावरही धन्याला भाकरी मिळत राहावी म्हणून त्या लहानशा भटारखान्यात लहानशी माणसे चार हजार वर्षे काम करीत आहेत! नावाने ओळखला जातो तो धनी. पीठ मळणाऱ्याला तिथेही नाव नाही.

आपल्याकडे सिंधू संस्कृतीच्या गावांत मातीच्या खेळण्यातल्या गाड्या विपुल सापडतात. आणि संस्कृत वाङ्मयात तर एका मातीच्या गाडीने अख्ख्या नाटकाला नाव दिले. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त चारुदत्ताचा मुलगा रोहसेन मातीची गाडी नको, सोन्याची हवी म्हणून रडतो, आणि वसंतसेना आपले दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते. ही घटना आपण वात्सल्याचा प्रसंग म्हणून वाचतो. पण तेच दागिने पुढे न्यायसभेत सर्वांसमक्ष बाहेर पडतात आणि चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. खेळणे हाही पुरावा असू शकतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने शूद्रकाकडून शिकण्यासारखे आहे.

युरोपातली बाहुलीघरे मात्र मुळात मुलांसाठी नव्हतीच. अ‍ॅमस्टरडॅमची पेट्रोनेला ऊर्टमन ही एका श्रीमंत व्यापाऱ्याची पत्नी. तिने १६८६ पासून पुढे वीस-पंचवीस वर्षे एका भारी कपाटात आपले बाहुलीघर सजवले. त्यात संगमरवर खरा, चिनी मातीची भांडी खरी, टोपल्या खऱ्या वेताच्या. स्वयंपाकघर, कपडे वाळवायची खोली, बाळंतिणीची खोली, सगळे आहे. त्यावर झालेल्या खर्चात त्या काळी अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्याकाठी खरे घर घेता आले असते असे सांगतात. आज ते तिथल्या राइक्स म्यूझियममध्ये आहे. याकोब आपेल या चित्रकाराने १७१० च्या सुमारास त्या कपाटाचे चित्र काढले. चित्रात घर माणसांनी भरलेले दिसते. आज त्या बाहुल्या जवळजवळ सगळ्या नाहीशा झाल्या आहेत. घर राहिले, माणसे गेली.

सर्वांत प्रसिद्ध बाहुलीघर म्हणजे इंग्लंडच्या राणी मेरीचे. १९२१ ते १९२४ या काळात ते बांधले गेले. त्याचा वास्तुकार एडविन ल्यूटेन्स, म्हणजे ज्याच्या आराखड्याप्रमाणे त्याच वर्षांत नवी दिल्लीत आजचे राष्ट्रपती भवन उभे राहत होते, तोच! एका हाताने साम्राज्याची राजधानी आणि दुसऱ्या हाताने बाहुल्यांचा राजवाडा. या राजवाड्यात नळाला पाणी येते, विजेचे दिवे लागतात, आणि ग्रंथालयात कॉनन डॉयलसारख्या लेखकांनी स्वहस्ते लिहिलेली इवलीशी पुस्तके आहेत. १९२४ साली वेम्ब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनात ते मांडले गेले. आज ते विंडसरच्या किल्ल्यात आहे. एवढ्या मोठ्या खटाटोपात एकच गोष्ट कुणी केली नाही. त्याच्याशी कुणी खेळले नाही.

या घरांचे प्रमाण सहसा एकास बारा असते, म्हणजे फुटाला इंच. ऐकायला सोपे वाटते, पण त्यात एक गंमत आहे. लांबी बारा पटींनी कमी झाली की क्षेत्रफळ एकशे चव्वेचाळीस पटींनी कमी होते आणि घनफळ एक हजार सातशे अठ्ठावीस पटींनी. दहा लिटरची घागर या प्रमाणात केली तर तिच्यात जेमतेम सहा मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचाभर पाणी मावेल. शिवाय काही गोष्टी लहान व्हायला नकारच देतात. पाण्याचा थेंब बाहुलीच्या नळातूनही थेंबाएवढाच पडतो. सूत फार बारीक करता येत नाही, म्हणून बाहुलीचे पडदे चुणीदार पडत नाहीत, ताठ उभे राहतात. आणि तांदळाचा एक दाणा बाहुलीच्या ताटात ठेवला तर तो तिला बोटाएवढा होईल. म्हणून बाहुलीघरातले अन्न नेहमी खोटे असते, रंगवलेले असते.

इथवर वाचून झाले आणि मला आमची भातुकली आठवली.

भातुकलीत अन्न खरे असते. चुरमुरे, गूळ, डाळं, शेंगदाणे. कुणाची आई उदार असेल तर मूठभर पोहे. आणि भातुकलीला कसलेच ठरीव प्रमाण नसते. त्यातले जाते मोठ्या जात्याच्या दहावा हिस्सा असेल, तर झारा मोठ्या झाऱ्याच्या निम्मा. हे अडाणीपणाचे नाही. बाहुलीघराचे माप घरावरून घेतलेले असते. भातुकलीचे माप मुलाच्या मुठीवरून. झाऱ्याचा दांडा सहा वर्षांच्या मुलीच्या मुठीत बसला पाहिजे, एवढाच तिथला नियम. एक पाहण्याची वस्तू आहे, दुसरी हाताळण्याची. आपल्याकडे पाहण्यासाठी केलेली लहान घरे नाहीत असे नाही. रुखवतात मांडलेला चिमुकला संसार असतो, दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला असतो आणि त्यावर मावळे असतात. पण रुखवत चार दिवसांचे आणि किल्ला पहिल्या पावसापर्यंतचा. पिढ्यान् पिढ्या टिकायची ती भातुकली, कारण ती पितळेची असायची.

आमच्या घरीही होती. आजीच्या लहानपणची, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. 'होती' असे म्हणते, कारण आता नाही. दोन वर्षांपूर्वी आमचे जुने घर पाडायला दिले आणि आम्ही दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलो. आजी त्याआधीच गेली होती. काय न्यायचे आणि काय नाही याचा हिशेब चालला असताना बाबांनी मला विचारले, "ही भातुकली ठेवायची का गं? तुला हवी असेल तर राहू दे." मी बारावीच्या अभ्यासात होते. मी म्हणाले, "काय करायचंय तिचं? ठेवणार कुठे?" मोडीच्या दुकानात ती पिशवी मीच हातात धरून नेली. काट्यावर तीन किलोच्या थोडी खाली भरली. दुकानदाराने पेटी परत दिली, कारण ती पत्र्याची होती.

संग्रहालयात मी थांबले ती या आठवणीने. काचेआडच्या त्या जपून ठेवलेल्या माणसांकडे पाहताना मला काटा दिसत होता.

पुढे वाचताना आणखी एक गोष्ट कळली आणि तिने मला थोडा धीर दिला. युरोपातले ज्याची माहिती मिळते असे पहिले मोठे बाहुलीघर बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५८ च्या सुमारास करवून घेतले. ते आज अस्तित्वात नाही. १६७४ साली म्यूनिकच्या राजवाड्याला आग लागली तीत ते नष्ट झाले असे मानतात. पण १५९८ साली योहान फिकलर नावाच्या एका गृहस्थाने ड्यूकच्या संग्रहाची यादी करून ठेवली होती. त्या यादीत या घराचेही वर्णन आहे. म्हणून साडेचारशे वर्षांनंतरही त्या घरात काय काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. घर जळाले, यादी उरली.

तेव्हा मी आत्याकडे गेले. आत्या बाबांची थोरली बहीण, सत्तरी ओलांडलेली. तिच्या लहानपणी ती याच भातुकलीशी खेळली होती. मी वही उघडली आणि म्हटले, "आत्या, आपल्या भातुकलीत काय काय होतं?"

"काय नव्हतं ते विचार," ती म्हणाली.

माझी कल्पना अशी की ती आधी पातेली सांगेल, मग ताटे, मग वाट्या. तसे झाले नाही. ती चुलीपासून निघाली. चूल, तिचा वैल, फुंकणी, चिमटा. मग पाणी : घागर, कळशी, बंब. मग दळणकांडण : जाते, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, सूप, चाळणी. मग विळी, किसणी, परात, पोळपाट-लाटणे, तवा, उलथणे, झारा, सोऱ्या. मग दुधातुपाची : कासंडी, रवी, ओगराळे. शेवटी पंगतीची ताटे, वाट्या, वेळणी, गडू. सांगताना तिचे हात चालत होते. माप ती इंचांत सांगत नव्हती; 'बोटाच्या पेराएवढं', 'तळहातात बसेल असं', असे दाखवत होती. माझ्या लक्षात आले की ही भांड्यांची यादी नव्हेच. कामांची यादी आहे. सकाळी चूल पेटवण्यापासून पंगत उठेपर्यंतचा एका बाईचा दिवस तिच्या हातांना पाठ होता.

मी भावुक होऊन म्हणाले, "किती सुंदर खेळ होता ना!"

आत्या हसली. "सुंदर होता खरा. पण मुलगे नुसते जेवायला यायचे. घासायला आम्हीच. पुढे मोठी भांडी घासायची होती, म्हणून आधी लहान दिली."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतले आहे. संग्रहालयात मातीच्या माणसांना पाहून मी जो प्रश्न विचारला होता तोच इथे उलटून माझ्या अंगावर आला. पेट्रोनेलाच्या घरात मोलकरणींची कामे दिसतात, मेकेत्रेच्या भटारखान्यात मजूर दिसतात, आमच्या भातुकलीत कुणीच दिसत नाही. कारण तिथे राबणारी ती खेळणारी मुलगीच होती. गतकालाविषयी हळवे होण्याआधी एवढे ध्यानात ठेवले पाहिजे. पण म्हणून ती भातुकली मोडीत घालणे बरोबर ठरत नाही. उलट तो पुरावा होता, आणि मी तो किलोच्या भावाने विकला.

एक वस्तू मात्र वाचली. यादी होत आली तेव्हा आत्या म्हणाली, "आणि तो बुटका गडू. तो आईनं देवाच्या पाण्याला घेतला होता." तो गडू अजून आमच्या देवघरात आहे, मी रोज पाहते, भातुकलीतला आहे हे मला ठाऊकच नव्हते. वापरात होता म्हणून पेटीत गेला नाही, आणि पेटीत नव्हता म्हणून काट्यावर गेला नाही. घरी येऊन मी तो उजेडात धरला. चिंचेने घासून घासून गुळगुळीत झालेल्या त्याच्या काठाखाली ठिपक्यांनी कोरलेली अक्षरे होती; डोळ्यांना धड दिसत नव्हती, बोटाला लागत होती. मोबाइलचा दिवा तिरपा धरून वाचली. आजीचे माहेरचे नाव होते ते. लग्नात तिचे नाव बदलले. त्यानंतर त्या घरात तिला त्या नावाने कुणी हाक मारली नसावी. बाबांनाही ते नाव माहीत नव्हते. ते नाव मी इथे छापत नाही. ते आमच्या घरचे आहे. एवढेच सांगते की संग्रहालयातल्या त्या मातीच्या माणसांना जे मिळाले नाही, ते या बुटक्या गडूने सत्तरहून अधिक वर्षे सांभाळले होते.

वस्तू जाण्याआधी वस्तूंची नावे जातात, असा माझा अनुभव आहे. आपल्यापैकी किती जणांना ओगराळे म्हणजे काय ते सांगता येईल? संग्रहालय उभारणे आपल्या हातात नाही, आणि फ्लॅटमध्ये जागा नाही हेही खोटे नाही. पण वही सर्वांकडे आहे. घरात भातुकली असेल तर तिच्यातली प्रत्येक वस्तू मापावी, तिचे नाव, ती कुणाची, तिने कोणते काम व्हायचे, हे लिहावे. भांडे उलटे करून कोरलेली अक्षरे पाहावीत. भातुकली नसेल तर जिच्या हातांना ती आठवते अशी कुणीतरी घरात किंवा शेजारी असेलच. फिकलरने ड्यूकसाठी जे केले ते आपण आपल्या आजीसाठी करायला हरकत नाही. अशा वह्या विभागात ठेवून घ्यायला आमच्या बाई तयार आहेत.

माझ्या वहीत आजमितीस अडतीस नावे झाली आहेत आणि तीन जागा रिकाम्या आहेत. त्या तीन भांड्यांचे आकार आत्याला आठवतात, नावे आठवत नाहीत. त्यांतले एक बसके, रुंद तोंडाचे, एका बाजूला चोच काढलेले, बिनकानाचे असून, तळहातात मावेल एवढे होते, आणि त्यातून काहीतरी पातळ वाढले जाई. वाचकांपैकी कुणाच्या घरी त्याचे नाव कुणाला ठाऊक असेल, तर कृपया इतिहास विभागात कळवावे.